चाळीस बाय वीस

बडा गणपती, इंदूर
७ डिसेंबर, रविवार

चि. पंचशीलास,

जयभीम. तुला जाऊन तीन दिवस झाले आणि तेवढ्यात मी घरातली सगळी कपाटं रिकामी करून पुन्हा भरली. तुझा बाप म्हणतो, "ताई, एका जागी बस ना जरा." बसवत असतं तर तीस वर्षं शाळेत पीटीची शिट्टी कशाला वाजवली असती.

शिबिरात फोन जमा करतात आणि रविवारी फक्त अर्धा तास देतात, हे ऐकून तुझी आई रडली. मला मात्र बरं वाटलं. तो अर्धा तास तू आईबापाला दे. माझ्याशी फोनवर तू "हो, ठीक, बरं" याच्या पुढे कधी गेली नाहीस. तुझे आजोबा पलटणीत होते तेव्हा दर रविवारी महूला पत्र यायचं. आपणही तसंच करू. मी लिहीन, तू उत्तर दे, आणि मोघम लिहू नकोस.

शेजारच्या जैन भाभींनी काल अडवलं. "बेन, ये फुटसाल क्या होता है?" मी म्हटलं, "फुटबॉल ही है, छोटा वाला. पाँच-पाँच लड़कियाँ, छत के नीचे, पक्के फर्श पर. गेंद कम उछलती है, लड़कियाँ ज्यादा." त्या म्हणाल्या, "मतलब जगह कम पड़ गई, इसलिए?" मी हसले, पण ते वाक्य दिवसभर टोचत राहिलं.

असो. चोवीस जणी आणि चौदा जागा. दहा जानेवारीला यादी. बायकांचा देशाचा फुटसाल संघ आत्ता कुठे उभा राहतोय, त्यामुळे तुम्हाला वाट विचारायला पुढे कोणी नाही. अकरा वर्षं विहाराच्या मागच्या हॉलात तू घाम गाळलास तो या एका महिन्यासाठी. जे येतं तेच कर. मध्यरेषेवरून सात पावलं आणि न बघता गोलच्या दुसऱ्या पोस्टकडे पास. त्या पासावरच तुला भोपाळच्या चाचणीत उचललं हे विसरू नकोस.

मैदान कसं आहे ते लिही. मोठं वाटतं का?

तुझी
आत्या


शिबिर, गांधीनगर
११ डिसेंबर

आत्या, जयभीम.

तुझं पत्र आलं तर सगळ्या बघायला जमल्या. माझी रूममेट थोइबी, मणिपूरची गोलकीपर, विचारते, "इसमें लिखते क्या हैं?" मी म्हटलं, डाँट.

सकाळी दोन तास, संध्याकाळी तीन. कोच मॅडम केरळच्या आहेत. हिंदी शब्द शोधून शोधून बोलतात, त्यामुळे त्यांना रागवायला वेळ लागतो. पण माझ्यावर रागवायला आता त्यांना शब्द सापडायला लागलेत.

तू मोघम लिहू नको म्हणालीस म्हणून सरळ लिहिते. माझं काहीतरी बिघडलंय. सात पावलं टाकते, न बघता पास देते, आणि तिथे कोणी नसतं. बॉल अर्ध्या वाटेत समोरच्या टीमच्या पायात जातो. सोमवारी एकदा झालं, मंगळवारी चार वेळा. मॅडमनी खेळ थांबवला. "पंचशीला, किसको दिया?" मी म्हटलं, "मैडम, वहाँ होना चाहिए था." "कौन?" मी रिकाम्या जागेकडे बोट दाखवलं. आपल्या हॉलमध्ये तिथे अनुष्का असते ना. सगळ्या हसल्या. आता मला 'हवा' म्हणतात, कारण मी हवेला पास देते.

शॉटचं पण तसंच. मला वाटतं गोल जवळ आलाय, आणि मारते तर थोइबी आरामात पकडते. पहिल्या दहा मिनिटांत दम लागतो, जो मला कधी लागत नाही हे तुला माहीत आहे. दारावर बोर्ड आहे, ४० × २०. आपल्या भिंतीवर तू लिहिलंयस तेच माप. मग इथे सगळं इतकं लांब का? लाइट जास्त आहेत म्हणून? की मला भीती वाटतेय आणि मला कळत नाहीये?

चोवीस तारखेला सहा जणींना घरी पाठवणार. असं चाललं तर पहिलं नाव माझं. तू इथे असतीस तर एका मिनिटात ओळखलं असतंस. लवकर लिही. स्पीड पोस्टने.

पंचशीला


बडा गणपती, इंदूर
१५ डिसेंबर

चि. पंचशीलास,

घाबरू नकोस. मला पहिले तुझे बूट आठवले. निघायच्या आठवड्यात नवीन घेतलेस ना? नव्या बुटात पाऊल आखडतं, पाऊल आखडलं की मोजणी चुकते. दुसरं, तिथे लाकडी फरशी असेल, आपल्याकडे कोटा स्टोन. बॉल थोडा धीमा जाणारच. तू सातऐवजी आठ मोज. नाहीच जमलं तर नऊ. पाऊल लांब टाक. शॉट घाईने मारू नकोस. आणि दम लागतो तो नव्या जागेच्या पाण्यामुळे.

इकडचं ऐक. हॉलला रंग लागतोय, म्हणून मुलींना मी चिंतामण भियांच्या मॅरेज गार्डनमध्ये हलवलंय. मंडपाखाली केवढी पक्की फरशी आहे त्यांची. विचारायला गेले तर म्हणाले, "मैडमजी, लड़कियाँ आएँ, अपने को क्या है. बस लगन के टाइम नहीं." मी म्हटलं, लगन कब है? "कल से खरमास है ना. संक्रांति तक कोई ब्याह नहीं. तब तक पूरा फर्श आपका." आपल्या घरात कोणी मुहूर्त पाहिला नाही, तुझ्या आईबापाचं लग्न तर रविवारची सुट्टी बघून लागलं. आणि आज मी भियांच्या ऑफिसात पंचांगावर बोट ठेवून अशुभ दिवस मोजत होते. आजोबा असते तर घराबाहेर काढलं असतं.

लौंग सेव पाठवतेय. आहारवाल्या मॅडमना दाखवू नकोस.

सात पावलांचं फार मनावर घेऊ नकोस. खेळात असं होतं.

आत्या


शिबिर, गांधीनगर
२१ डिसेंबर, रविवार

आत्या,

आज फोन मिळाला. आईशी पाच मिनिटं बोलले आणि मग अनुष्काला फोन केला. तिला विचारलं, हॉलला कुठला रंग लागला? ती म्हणाली, "कोई रंग-वंग नहीं लगा दीदी. आत्या म्हणाल्या, आता मोठ्या जागी खेळायचं. तिथे धावून धावून जीव जातो."

मी तिला म्हटलं, टेप घेऊन विहारात जा. ती गेली. मी फोन चालू ठेवला. अठ्ठावीस बाय पंधरा.

बूट नाही, फरशी नाही, पाणी नाही. मी आठ मोजले, नऊ मोजले, तुझं ऐकून. तरीही बॉल हवेतच. तू ते बुटांचं पत्र लिहीत होतीस तेव्हा तुला माहीत होतं. मी तेरा वर्षांची होते तेव्हापासून तुला माहीत होतं. इथे प्रत्येकीची काही ना काही कमजोरी आहे, पण तिला ती माहीत आहे. मला माझी चोवीस तारखेच्या तीन दिवस आधी कळते, आणि ती पण अकरावीतल्या मुलीकडून.

इथे कोणाला सांगू शकत नाही की माझ्या आत्याने मला मैदानाचं माप खोटं सांगितलं. हसतील.

चोवीसला बाहेर पडले तर घरीच यायचं आहे. तोपर्यंत पत्र लिहू नकोस.

पंचशीला


बडा गणपती, इंदूर
२४ डिसेंबर

चि. पंचशीलास,

लिहू नको म्हणालीस, तरी लिहितेय. हे पोचेल तोवर यादी लागलेली असेल.

होय. अठ्ठावीस बाय पंधरा. बास्केटबॉलचं माप. विहारवाल्यांनी हॉल दिला तेव्हा त्यात तेवढंच बसत होतं. भिंतीवर ४० × २० मीच ऑइल पेंटने लिहिलं, डबा तू धरला होतास. पुढे तुम्ही जिथे जिथे खेळलात, भोपाळची चाचणीसुद्धा, सगळीकडे बास्केटबॉलचीच मैदानं होती. त्यामुळे माझं खोटं सगळीकडे नीट बसत गेलं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ना, तशी ती मी झाकून ठेवली. तू शिबिराला निघालीस तेव्हा उघडायला हवी होती. स्टेशनवर दोनदा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा डबा घेतलास का म्हणून विचारलं.

आता का ते सांगते. ही गोष्ट तुझ्या बापालाही माहीत नाही.

तू लहानपणापासून ऐकत आलीस की आत्याचा पाय मुरगळला नसता तर ती राज्याच्या संघात गेली असती. सन पंच्याऐंशी. मी एकोणीस वर्षांची. महूला आम्ही मुली क्वार्टरमागच्या अंगणात खेळायचो, कारण मोठ्या मैदानावर जवान आणि मुलगे. त्या अंगणात माझ्या पायातून बॉल कोणी काढून दाखवावा. चाचणीला गेले. शिट्टी वाजली, बॉल माझ्याकडे आला, मी सुटले. खूप धावले. वर बघितलं तर नुसती मध्यरेषा आली होती. जेवढं धावले तेवढंच पुढे अजून पडलेलं. दम संपला नव्हता शीला, खरंच नव्हता. पण ते मैदान बघून माझ्या मनाने सांगितलं की हे तुझ्यासाठी नाही. मी खाली बसले आणि घोटा धरला.

पाय मुरगळला नव्हता. दोन माणसांनी उचलून बाहेर नेलं तेव्हा मी रडले, ते लाजेने. घरी सगळ्यांनी हळद लावली. चाळीस वर्षं झाली, पावसाळ्यात मी अजून थोडी लंगडते, आता सवयीने.

म्हणून ठरवलं होतं की माझ्या मुली कुठल्याही मैदानावर उतरतील तर हे आपलंच आहे अशा उतरतील. तुमच्या मनात मोठं मैदान यायलाच नको. हे मी शिकवणं समजत होते. तुझं अकराचं पत्र आलं त्याच दिवशी राजवाड्याला जाऊन पन्नास मीटरचा टेप आणला, भियांच्या फरशीवर पूर्ण माप आखलं आणि त्या रेषेवर उभी राहिले. मग घरी येऊन तुला बुटांबद्दल लिहिलं. मला वाटलं, खरं सांगितलं तर तूही खाली बसशील.

त्या पत्रातलं सगळं पुसून टाक. अनुष्काला वीस वेळा पळवून मोजलंय. अकरा पावलं होतात.

आत्या


बडा गणपती, इंदूर
३१ डिसेंबर

चि. पंचशीलास,

बुद्धरत्न रविवारी तुझ्याशी बोलला. अठरात आहेस हे त्याच्याकडून कळलं. माझ्याबद्दल काही विचारलंस का, हे मी त्याला विचारलं नाही. तो आपणहून म्हणाला, "वेळ कमी होता ताई." तुझा बाप सज्जन माणूस आहे.

उत्तर नको. फक्त इकडचं सांगते, कारण पोस्टमन गेला की मी दारात उगाच उभी असते आणि हाताला काहीतरी काम पाहिजे.

मुलींना सांगितलं. सगळ्यांना गोल बसवून, पाय मुरगळल्याच्या गोष्टीसकट. मग अनुष्का म्हणाली, "तो क्या हम अभी तक आधा खेल रहे थे?" मी म्हटलं, आधा नाही, आध्याच्या थोडं वर. दोघी दुसऱ्या दिवशी आल्या नाहीत. एक परत आली. दुसरीच्या घरी गेले तर ती म्हणाली, भरवसा नाही राहिला मॅडम. बारा वर्षांची पोर आहे. तिला काय सांगणार, चहा पिऊन आले.

हॉलमधल्या भिंतीवरचं ते पॉलिश पेपरने घासून काढलं. हात दुखतोय.

नवीन जागी मुलींना त्रास होतोय. लांब पास पोचत नाहीत, पोचले तर घेणारी पोचत नाही. पण काल एकीने मध्यरेषेजवळ थांबून समोर बघितलं, श्वास घेतला आणि पुढे गेली. मी शिट्टी वाजवायची विसरले.

दहा तारखेला काय होईल याचा विचार करून मला बसवत नाही. तू आत असावंस एवढंच मला हवंय. माझ्यावर रागावलेली असलीस तरी चालेल.

आत्या


शिबिर, गांधीनगर
४ जानेवारी, रविवार

आत्या, जयभीम.

तुझी दोन्ही पत्रं मिळाली. पहिलं मी चार दिवस उघडलं नव्हतं. बॅगेत तळाशी ठेवलं होतं, पण रोज कपडे काढताना हाताला लागायचं.

राग गेलेला नाही. तो आहेच, आणि मी तुला हे गोड करून सांगणार नाही. पण एक गोष्ट तुला माहीत असायला पाहिजे. पहिल्या दिवशी आम्ही चोवीस जणी या हॉलमध्ये शिरलो तेव्हा बाकीच्या कितीतरी दारातच थबकल्या होत्या. थोइबी तर म्हणाली, "इतना बड़ा?" मी सरळ चालत मध्ये गेले आणि बॉल मागितला. मला वाटलं, हे तर आपलंच माप आहे. ते चुकीचं होतं, पण मी थबकले नाही.

तुझ्या चाचणीबद्दल वाचून मला रडू आलं. तू खाली बसलीस म्हणून नाही. चाळीस वर्षं तू लंगडतेस आणि आम्ही दरवर्षी तुला तेल गरम करून देतो, म्हणून.

अकरा पावलं मोजून बघितली. बरोबर आहेत. पण आता मी मोजतच नाही. मॅडम म्हणतात, "गिनना बंद. देखो." अकरा वर्षं न बघता दिलेला पास बघून द्यायचा म्हणजे उलट्या हाताने जेवल्यासारखं होतं. दर दहातले सहा नीट जातात. परवा सात गेले. बाकीच्यांचे आठ-नऊ जातात.

शनिवारी चौदा नावं लागतील. माझ्या जागेसाठी दोघी आहोत. दुसरी गोव्याची आहे, तिची धाव लांब आहे आणि ती कधीच दमत नाही. खरं सांगू तर मी मॅडम असते तर तिला घेतलं असतं. शुक्रवारी शेवटचा सराव सामना आहे.

झोप नीट लागत नाही. जेवताना पण पाय हलत असतात. तुझ्यावर गेलेय.

पंचशीला


शिबिर, गांधीनगर
१३ जानेवारी

आत्या,

बाबांनी तुला सांगितलंच असेल. चौदात आहे. तेरावं नाव.

शुक्रवारी काय झालं ते ऐक. सामन्यात मला पहिल्या भागात घेतलंच नाही. दुसऱ्यात आम्ही एका गोलने मागे, चार मिनिटं बाकी. मॅडमनी थोइबीला बाहेर बोलावलं आणि तिच्या जागी मला आत पाठवलं, म्हणजे आमचा गोल उघडा ठेवून पाचही जणी समोर. असं हरताना शेवटीच करतात. सगळ्या त्यांच्या गोलपुढे गोळा झाल्या. जागाच नाही, पाय टाकायला फट नाही. आणि आत्या, तिथे मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. एवढ्याशा जागेत तर मी वाढलेय. बाकीच्या घाईला आल्या, मला वेळच वेळ होता. मी बघितलं, अनुष्का नव्हती, गोव्याची ती होती. तिला दिला. तिने मारला. बरोबरी.

यादी लावल्यावर मॅडम म्हणाल्या, "लंबी दौड़ अभी कच्ची है. छोटी जगह में तू काम की है." ती गोव्याची पण आत आहे. आम्ही दोघी उगाच एकमेकींना घाबरत होतो, बाहेर तिसरीच गेली.

आता दुसरं सांगते. याच्यासाठी मी कालपासून हे पत्र पुढे ढकलतेय.

बावीस डिसेंबरला, म्हणजे तुला ते रागाचं पत्र टाकल्यावर दुसऱ्या दिवशी, मॅनेजर मॅडमनी फॉर्म दिले. नाव, गाव, उंची, पायाचं माप. शेवटी 'पहिले प्रशिक्षक' असा रकाना. माझ्या हातात पेन होतं आणि डोक्यात अठ्ठावीस बाय पंधरा. मी तिथे आडवी रेघ मारली.

मी ते विसरून गेले होते. काल संघाची पुस्तिका छापून आली. चौदा जणी, प्रत्येकीला एक पान, फोटो. थोइबीच्या पानावर तिच्या मामांचं नाव आहे. प्रत्येकीच्या पानावर कोणाचं तरी नाव आहे. माझ्या पानावर ती रेघ जशीच्या तशी छापली आहे. मी धावत मॅनेजर मॅडमकडे गेले. त्या म्हणाल्या, "बेटा, छप गया. दो सौ कॉपी. दूतावास में भी भेज दी." मी म्हटलं, "गलती मेरी है, छपाई की नहीं." त्या म्हणाल्या, अगली बार.

एक प्रत पाठवतेय. नाही पाठवली असती तर तुला कळलं नसतं. पण मग मी पण तुझ्यासारखंच केलं असतं.

आम्ही तेवीसला स्पर्धेसाठी देशाबाहेर निघतो.

पंचशीला


बडा गणपती, इंदूर
१८ जानेवारी, रविवार

चि. पंचशीलास,

पत्र आणि पुस्तिका शुक्रवारी मिळाली. तुझ्या आईने आधी फोटो पाहिला, मग शेजारी दाखवायला घेऊन गेली, त्यामुळे तुझं पान माझ्या हातात सगळ्यांच्या नंतर आलं. जैन भाभींनी रेघेवर बोट ठेवून विचारलं, "ये खाली क्यों है?" मी म्हटलं, छपाईत राहिलं असेल. बघ, मला खोटं बोलायला एक क्षण लागत नाही.

मला लागलं. तुझा राग समजतो, मी त्याच्याच लायक होते, हे सगळं खरं, पण तरी लागलं. ते लपवणार नाही. बुद्धरत्न म्हणाला, फेडरेशनला अर्ज करू. मी म्हटलं, काही नको. दोनशे लोकांना मी कोण हे कळून काय व्हायचंय. असं म्हटलं खरं, आणि मग स्वयंपाकघरात जाऊन अर्धा तास भांडी आपटली.

संक्रांत झाली, लग्नं सुरू झाली. भियांच्या फरशीवर आता बँड आणि पंगती. आम्ही परत विहाराच्या हॉलात आलो. काल सराव सुरू करण्याआधी मुलींनी टेप मागितला. मी दिला. त्यांनीच धरला, त्यांनीच मोजलं, अठ्ठावीस बाय पंधरा, आणि अनुष्का म्हणाली, "ठीक है आत्या, छोटी जगह का काम यहाँ, लंबी दौड़ लालबाग के बाहर." आज सकाळी सहा वाजता अकरा जणी लालबागच्या भिंतीलगत धावत होत्या. ती भरवसा नसलेली बारा वर्षांची सगळ्यात मागे होती. मी तिच्या मागे होते, न लंगडता.

तिथून आले, हातपाय न धुताच पुस्तिका काढली आणि तुझं पान उघडलं. फोटोत तू जरा रागीटच दिसतेस. ती रेघ बारीक आहे, तिच्या वर थोडी जागा आहे. निळ्या पेनाने लिहिलं: कौसल्या तायडे, इंदूर. उभ्यानेच लिहिलं, त्यामुळे अक्षर तिरकं आलंय. तू परत येशील तेव्हा तुझ्या हाताने लिहिशील म्हणून जागा राखून ठेवायला हवी होती. तेवढं मला थांबवलं नाही.

आत्या